गोंगाट वगळून पाळणा

संगीत ही पूर्वी साधना होती. आता ती जागेची अडचण आहे. ज्या घरात एक खोली रिकामी नाही त्या घरात कला टिकत नाही, हे शास्त्राने सिद्ध केलेलं आहे. (कोणत्या शास्त्राने, ते आमच्या खाली राहणाऱ्या प्रफुलला विचारावं. त्याने व्हिडिओ पाहिला आहे.) भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये कोणत्याच क्वार्टरात रिकामी खोली नसते. त्यामुळे इथे कलेला संसाराची आणि संसाराला कलेची तक्रार करण्याची समान संधी मिळते.

घरच्या घरी उत्तम ध्वनिमुद्रण कसं करावं, असं विचारणाऱ्यांची संख्या हल्ली फार वाढली आहे. न विचारता सांगणाऱ्यांची त्याहून जास्त. अशा सर्वांच्या सोयीसाठी आमच्या ब्लॉकमध्ये पार पडलेल्या एका यशस्वी ध्वनिमुद्रणाची हकीकत इथे देत आहोत. आम्ही त्या घराच्या बरोबर वर राहतो, आणि मुद्रणाच्या काळात आम्हाला घरात चालण्याची मनाई होती. म्हणजे आमची माहिती बसल्या जागेची असली तरी प्रत्यक्ष आहे.

खालच्या घरात आनंदराव रामटेके राहतात. ते पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवतात. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून इथे आले तेव्हा प्लांटची एकच चिमणी उभी राहिली होती, असं आनंदराव सांगतात. (ब्लॉकमधल्या प्रत्येकाचे वडील एकच चिमणी असताना आले होते.) आनंदराव भीमगीतांच्या पार्टीत गातात. चौदा एप्रिलला त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. एरवी ते आपल्या घरी, आपल्या खाटेवर, आपल्यापुरतं गातात आणि पूर्ण ब्लॉकला ऐकू येतं.

त्यांची मुलगी संघमित्रा बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला, त्याला सगळे गोलू म्हणू लागले. आनंदराव फर्स्ट शिफ्ट करून यायचे, जेवायचे, आणि गोलूला मांडीवर घेऊन पाळणा म्हणायचे. हा पाळणा त्यांनी स्वतः रचलेला होता. बाळाने खूप शिकावं, बाबासाहेबांच्या वाटेने चालावं, आणि तूर्तास झोपावं, असे तीन मुद्दे त्यात होते. गोलू तिसऱ्या मुद्द्याची तत्काळ अंमलबजावणी करत असे.

मग संघमित्रा बाळाला घेऊन पुण्याला नवऱ्याकडे गेली, आणि गोलूने झोपणं बंद केलं. डॉक्टर झाले, तेल-मालीश झालं, जावई अमरदीप बाळाला खांद्यावर टाकून सोसायटीच्या बागेत इतक्या फेऱ्या मारू लागला की वॉचमन त्याला सलाम करेनासा झाला. संघमित्राची सुट्टी संपत आली होती. बाळ असंच रडत राहिलं तर नोकरी सोडलेली बरी, असं तिच्या सासूबाई अतिशय प्रेमाने सुचवू लागल्या होत्या. दर चहाला एकदा.

संघमित्राने फोन केला. "बाबा, तुमचा पाळणा रेकॉर्ड करून पाठवा. तुमच्या आवाजाशिवाय हा झोपत नाही, आणि हा झोपला नाही तर मले घरी बसावं लागते."

इथवर प्रकरण अगदी साधं होतं. आनंदराव खाटेवर बसले असते, फोन समोर धरला असता, आणि चहा उकळेपर्यंत काम झालं असतं. आनंदरावांनी फोन समोर धरलाही होता. तेवढ्यात प्रफुल घरात आला.

प्रफुल हा संघमित्राचा धाकटा भाऊ. त्याने आयटीआय केलं आहे आणि तो प्लांटच्या भरतीची वाट पाहतो. वाट पाहता पाहता व्हिडिओ पाहतो. भरती निघाली नाही. व्हिडिओ मात्र निघत राहिले, आणि प्रफुलचा अभ्यास वाढत गेला. बापाच्या हातात फोन पाहून त्याला खरोखरच दुःख झालं.

"बाबा, मोबाइल में रेकॉर्ड किया तो उसको गाना नहीं बोलते," तो म्हणाला. "सबूत बोलते हैं."

आनंदरावांनी फोन खाली ठेवला. माणूस कितीही साधा असो, आपली कला पुरावा म्हणून पुण्याला जावी असं कोणालाच वाटत नाही.

घरगुती ध्वनिमुद्रणाचा पहिला नियम असा की गाणाऱ्याआधी खोलीवर उपचार करावे लागतात. गाणारा आजारी असला तरी चालतो. खोली निरोगी पाहिजे. प्रफुलने खोलीच्या मध्यभागी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मान वाकडी करून ऐकलं, आणि खोलीची प्रकृती गंभीर असल्याचं जाहीर केलं. भिंतींवरून आवाज परत येत होता. त्याला येऊ न देण्यासाठी घरातल्या सगळ्या गाद्या भिंतींना टेकवून उभ्या करण्यात आल्या. माणसं फरशीवर झोपू लागली. उरलेल्या जागी अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवायचे होते, म्हणून रामटेक्यांकडे सकाळी अंडी, दुपारी अंडी आणि संध्याकाळी पुन्हा तेच, असा आहार सुरू झाला. (अंड्यांच्या ट्रेने आवाज अडतो का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. अंड्यांनी अडतो, यावर नाहीत. तिसऱ्या दिवसापासून घरात कोणी फारसं बोलत नव्हतं.)

दाराच्या फटीत आनंदरावांच्या बायकोची, शेवंताबाईंची, जुनी लुगडी कोंबली. खिडकीवर वाकळ टांगली. पंखा आवाज करतो म्हणून बंद झाला. महिना मे होता. आत गायला बसलेले आनंदराव थोड्या वेळाने घामाने निथळत बाहेर आले आणि कोणालाही दोष न देता म्हणाले की भट्टीवर एवढी गर्मी नाही होत, तिथे फॅन तरी राहते.

दुसरी अडचण उच्चारांची निघाली. 'प', 'फ', 'ब' आणि 'भ' म्हणताना तोंडातून हवा सुटते आणि प्रफुलने कुठूनसा आणलेल्या माइकवर आदळते. आनंदरावांच्या पाळण्यात बाळ होतं, बाबासाहेब होते, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी भीमराया होते. म्हणजे दर ओळीला माइकवर वादळ. प्रफुलने हिशेब मांडला आणि सुचवलं की 'भ' शक्य तिथे टाळावा.

"भीमाच्या गाण्यातून भ काढू?" आनंदराव म्हणाले. "मंग काय ईमाचं गाऊ?"

या प्रश्नाला कोणत्याच व्हिडिओत उत्तर नव्हतं. म्हणून चहाच्या गाळणीवर पायमोजा ताणून ती माइकसमोर बांधण्यात आली. हा उपाय जगभर मान्य आहे आणि आम्हीही त्याची शिफारस करतो. शेवंताबाईंनी त्या दिवसापासून चहा पदराने गाळला. पायमोजा धुतलेला होता का, एवढंच त्यांनी एकदा विचारलं.

खोली बरी झाली. मग लक्षात आलं की खोलीला बाहेरची बाजूही असते.

शेजारच्या क्वार्टरात शालिकराम आणि सिंधुताई राहतात. दोन्ही घरांच्या मध्ये एकच भिंत, आणि ती कंत्राटदाराने मनापासून बांधलेली नाही. शालिकराम गोंदियाकडचे, मूळचे शेतकरी, आता प्लांटच्या कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्टीवर. प्लांटमध्ये सेफ्टीचं ट्रेनिंग घेतल्यापासून त्यांना कोणतीही गोष्ट शिस्तीने करायला आवडतं. पोरीची नोकरी अडली आहे हे कळताच त्यांनी पूर्ण ब्लॉकची जबाबदारी स्वतःवर घेतली आणि दुपारी तीन ते पाच शांतता पाळण्याचा ठराव केला. शांतता सुरू झाली हे सर्वांना एकदम कळावं म्हणून ते जिन्यात उभं राहून शिट्टी वाजवत. ही शिट्टी पहिल्या दिवशीच्या मुद्रणात फार सुंदर आली आहे.

अंमलबजावणी कडक होती. कुकरवर बंदी आली आणि तुरीची डाळ उघड्या पातेल्यात, जुन्या पद्धतीने, दुपारभर शिजू लागली. कूलर बंद झाले. आम्हाला वर चालण्याची मनाई झाली, ते सांगितलंच. भाजीवाल्याला विनंती करण्यात आली की ओरडू नये, भाजी डोक्यावर धरून दाखवावी. दोडके आणि कोथिंबीर यांच्याबाबत ही पद्धत यशस्वी ठरली. कोहळ्याच्या दिवशी त्याचा खांदा निखळला. ब्लॉकखालच्या कुत्र्याला शालिकरामांनी स्कूटरवर बसवून रुआबांध्याला सिंधुताईंच्या भावाकडे नेऊन सोडलं. तो शालिकरामांच्या आधी परत आला आणि जिन्यात त्यांची वाट पाहत बसला.

तरीही एका दुपारी शांतता झाली. खरी, पूर्ण शांतता. सेक्टरच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच.

आमची इतकी वर्षं अशी समजूत होती की ब्लॉकमधला शेजारधर्म प्रेमावर चालतो. तो मिक्सर, कूलर आणि टीव्ही यांच्या सहकार्यावर चालतो. ते बंद पडताच भिंती पातळ झाल्या. कोण कोणाला काय म्हणतं, कोण पाणी पिताना किती आवाज करतं, कोणाच्या घरी देवाशी भांडण होतं, सगळं ऐकू येऊ लागलं. तीन ते पाच या वेळेत लोक स्वतःच्या घरात खुणांनी बोलू लागले आणि दुसऱ्यांच्या घराला कान लावू लागले.

अशा त्या शांततेत आनंदरावांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले, श्वास घेतला. आणि पलीकडच्या स्वयंपाकघरात सिंधुताई, डाळ हलवता हलवता, आपल्या नवऱ्याला नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गातात गोड, पण सगळं एकाच सुरात. गिरणी चालू असल्यावानी."

माइक उत्तम प्रतीचा होता. प्रफुलने तो भिंतीजवळ योग्य अंतरावर ठेवलेला होता. ते वाक्य इतकं स्वच्छ, इतकं जवळून आलं की प्रफुल हरखला. "क्लॅरिटी देखो," तो म्हणाला. त्या खोलीत झालेलं हे पहिलं निर्दोष मुद्रण.

आनंदरावांनी हेडफोन काढून खिळ्याला अडकवला. "आज नाही होत," एवढंच बोलले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही नाही झालं. ते शिफ्टला जात, येत, जेवत, आणि गात नसत. शेवंताबाईंनी सिंधुताईंकडे जाणारी भाजीची वाटी थांबवली. वाटी का थांबली ते सिंधुताईंना कळलं, कारण भिंत तीच होती. त्यांनीही आपली वाटी थांबवली. दोन्ही घरांत आता तीन ते पाच सोडूनही शांतता पाळली जाऊ लागली, आणि शालिकरामांना शिट्टी वाजवायला काही कारण उरलं नाही.

मग संघमित्राचा फोन आला. सोमवारी तिला ऑफिसात हजर व्हायचं होतं. ती बोलत होती आणि मागे गोलू रडत होता. नुसता हट्टाचा नव्हे, थकलेला, आवाज बसलेला. आनंदरावांनी शेवंताबाईंच्या हातातून फोन घेतला आणि उभ्या उभ्या पाळणा सुरू केला. एक कडवं झालं असेल, रेंज गेली. फोनमधून काही येत नव्हतं तरी ते थोडा वेळ गात राहिले. फोन गेला हे त्यांना शेवंताबाईंनी सांगितलं.

त्यांनी चप्पल घातली आणि शेजारी गेले. दार सिंधुताईंनी उघडलं.

"सिंधुताई, तुमचं खरं असंन," आनंदराव म्हणाले. "पन पोट्टा झोपला पाह्यजे. आज आणखी एक डाव कुकर बंद ठेवा."

सिंधुताई मान खाली घालून हो म्हणाल्या. त्यांनी कुकर तर बंद ठेवलाच, शिवाय घड्याळातला सेल काढला आणि चाळीस-बेचाळीस डिग्रीत पंखा बंद करून नवऱ्याला हलू न देता बसवून ठेवलं. शालिकराम नंतर सांगत होते की त्यांना शिंक आली होती. ती त्यांनी पाच वाजेपर्यंत सांभाळली.

आनंदराव गायले. पूर्ण पाळणा, न थांबता. आम्ही वर पलंगावर पाय न हलवता बसलो होतो. गादीतून, अंड्यांच्या ट्रेतून, वाकळीतून जेवढं वर आलं तेवढ्यानेच आमचा डोळा लागला.

पाळणा संपल्यावर प्रफुलने तो लावून ऐकला आणि त्याचा चेहरा पडला. मागे काहीतरी होतं. अगदी खाली, सुरुवातीपासून शेवटापर्यंत न थांबता: ऊं... फ्रिज असेल म्हणून फ्रिज बंद केला. दही आंबलं, आवाज गेला नाही. मेन स्विच पाडला, तरी नाही. प्रफुल बॅटरीवर माइक घेऊन गॅलरीत गेला, तिथे तो जास्त होता. गच्चीवर गेला, तिथे आणखी. गच्चीवरून सगळा सेक्टर दिसतो, झाडं दिसतात, आणि झाडांच्या पलीकडे जे दिसतं ते भिलाईत कोणाला दाखवावं लागत नाही.

तपासाअंती आवाज प्लांटचा निघाला.

ब्लॉकमध्ये खळबळ उडाली. इतकी वर्षं हा आवाज चालू आहे आणि आपल्याला कोणी सांगितलं नाही, अशी सर्वांची भावना झाली. लोक गच्चीवर येऊन ऐकून गेले. एक-दोघांनी तर त्या दिवसापासून डोकं दुखत असल्याचं सांगितलं. प्लांट थोडा वेळ बंद ठेवता येईल का, यावरही विचार झाला. शालिकरामांनी चौकशी करून कळवलं की एका भट्टीची मोठी दुरुस्ती ठरलेली आहे, पण तोवर गोलू शाळेत जाऊ लागला असेल.

घरगुती ध्वनिमुद्रणात घाबरायचं नसतं, कारण चूक नंतर काढता येते. प्रफुलकडे त्यासाठी सॉफ्टवेअर होतं. त्याची रीत सोपी आहे: आधी त्याला नुसता गोंगाट ऐकवायचा. ते तो ओळखून ठेवतं. मग गाणं ऐकवायचं. ते गाण्यात जिथे जिथे तो गोंगाट सापडेल तिथून उपटून काढतं आणि स्वच्छ गाणं आपल्याला देतं. प्रफुलने त्याला प्लांट ऐकवला. मग पाळणा दिला. सगळं घर खोलीत गोळा झालं. वाटी बंद असली तरी सिंधुताईही दारात आल्या. प्रफुलने बटण दाबलं.

आधी आनंदरावांचं खाकरणं ऐकू आलं. मग काही नाही. मग शेवंताबाईंची बांगडी वाजली. मग काही नाही. मध्येच कुठे 'च' आला, कुठे 'ट', एका ठिकाणी 'स्स' असं काहीतरी, आणि शेवटी खुर्ची सरकल्याचा आवाज.

प्रफुलने पुन्हा केलं. पुन्हा तेच. खुर्ची मात्र आणखी स्वच्छ आली.

कारण शोधायला संध्याकाळ लागली. आनंदराव ज्या सुरात गातात तो सूर आणि प्लांटचा सूर एकच होता. केसाइतकाही फरक नव्हता. पार्टीत आनंदरावांना पेटीवर कधी सूर द्यावा लागत नसे; बाकीचे गायक पेटीवाल्याकडे पाहत, आनंदराव नुसते तोंड उघडत आणि पेटीच त्यांच्याशी जुळवून घेई. याचा त्यांना अभिमान होता. लहानपणी पाळण्यात असल्यापासून त्यांच्या कानात एक तानपुरा न थांबता वाजत होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सिंधुताईंचं मत शास्त्राने जसंच्या तसं मान्य केलं होतं. त्यांना त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. त्या गुपचूप घरी निघून गेल्या.

"म्हंजे मशीनच्या मते मी गोंगाट आहो," आनंदराव म्हणाले.

"वैसा नहीं है, बाबा," प्रफुल म्हणाला. पण तसंच होतं.

त्यानंतर जे झालं त्याला या व्यवसायात सुधारणा म्हणतात. प्रफुलने आनंदरावांना वरच्या सुरात गायला लावलं. ओळीच्या सुरुवातीला ते वर असत, शेवटापर्यंत घरंगळत आपल्या जागी येत, आणि तिथे सॉफ्टवेअर त्यांना पकडे. मग प्रत्येक ओळीचा पहिला अर्धा भाग घेऊन, उरलेला यंत्राने वर उचलून, कडव्याला कडवं शिवण्यात आलं. आवाजाला चकाकी देण्यात आली. मागे घुमट घालण्यात आला, म्हणजे आनंदराव अंड्यांच्या ट्रेत न बसता एखाद्या लेण्यात बसून गात आहेत असं वाटावं. तयार झालेला पाळणा इतका निर्मळ, इतका सुरेल होता की त्यात आनंदरावांचं काही शोधूनही सापडत नव्हतं. प्रफुलने तो अभिमानाने पुण्याला पाठवला.

गोलूने फोनकडे रोखून पाहिलं आणि मग पूर्वीपेक्षा मोठ्याने रडू लागला. अमरदीपने नम्रपणे विचारलं की हे गाणारे काका कोण. सासूबाईंनी चहा नसतानाही नोकरीचा विषय काढला. तो शनिवार होता.

रविवारी दुपारी प्रफुल गुडघ्यात मान घालून बसला होता. आनंदराव खाटेवर पडून छताकडे पाहत होते. शेवंताबाई खोली झाडत होत्या. त्या अशा बाई आहेत की त्यांच्या घरातून दुधाची रिकामी पिशवीही धुतल्याशिवाय बाहेर जात नाही. झाडू हातात धरून त्यांनी प्रफुलला विचारलं, "मशीनने बाबाच्या गाण्यातून जे काढलं, ते कुठं टाकलं?"

प्रफुलने सांगितलं की ते वेगळं साठवलेलं आहे. त्याने त्याला 'कचरा' असं नाव दिलं होतं आणि ते काढून टाकायचं राहिलं होतं.

"ते पाठव पोरीले."

"आई, वो तो नॉइज है. कचरा कावून पाठवू?"

"तुहे बाबा त्यातच आहेत ना," शेवंताबाई म्हणाल्या, आणि कोपरा झाडू लागल्या.

प्रफुलला वाद घालायचा होता, पण त्याच्याकडे पाठवायला दुसरं काही नव्हतं. त्याने पाठवलं. संघमित्राला माहेराहून 'कचरा' नावाची एक वस्तू मिळाली, आणि तिने ती उघडली.

त्यानंतर तिचा फोन येईना. इथून केला तर ती उचलेना. अमरदीपला केला, तोही उचलेना. शेवंताबाई घाबरल्या, आनंदरावांनी शर्ट चढवला, कुठे जायचं ते मात्र ठरेना. पुणे काही रुआबांध्यात नाही. शेवटी ऊन उतरल्यावर संघमित्राचा फोन आला. तिचा आवाज जड होता.

गोलू पहिल्याच कडव्याला झोपला होता. त्याला खांद्यावर घेतलेला अमरदीप सोफ्यावर टेकला तो तिथेच झोपला. ती स्वतः दोघांकडे पाहता पाहता भिंतीला टेकून झोपली. सासूबाई नोकरीबद्दल काहीतरी बोलायला आल्या होत्या. त्याही दिवाणावर आडव्या झाल्या आणि अजून उठलेल्या नाहीत.

"बाबा, कित्येक दिवसांनी घरी असल्यावानी वाटलं," ती म्हणाली, आणि फोन जवळ नेऊन तिने गोलूचा श्वास ऐकवला.

फोन ठेवल्यावर आनंदरावांनी खिळ्यावरचा हेडफोन काढला आणि प्रफुलला तो कचरा लावायला सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकला. त्यांचा आवाज कुठे संपतो आणि मागचा कुठे सुरू होतो, ते काही समजत नव्हतं. ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "प्लांट चांगला गाऊन राहिला."

संघमित्रा सोमवारी ऑफिसात हजर झाली. गोलू रोज दुपारी झोपतो. सासूबाईंनी स्वतःच्या फोनवरही तो पाळणा घेतला आहे, आणि चहाच्या वेळी त्या बहुतेक झोपलेल्या असतात. इकडे ब्लॉकमध्ये बंदी उठली त्या संध्याकाळी सगळ्या घरांत कुकर एकदम लागले, आणि पहिल्याच शिट्टीला शेजारधर्म पूर्ववत झाला. सिंधुताई भाजीची वाटी घेऊन आल्या. त्या दारातून काहीतरी बोलल्या आणि शेवंताबाई त्यावर हसल्या, पण मिक्सर चालू असल्यामुळे आम्हाला ऐकू आलं नाही. गाद्या खाली आल्या. प्रफुल आता इतरांची मुद्रणं करून देतो आणि आधी गोंगाट घेऊन या असं गिऱ्हाइकांना बजावतो.

मार्गदर्शन म्हणून शेवटी एक प्रयोग सांगतो. त्याला माइक, गाद्या, अंडी काही लागत नाही. आपल्या घरात दिवसभर जे चालू असतं ते यंत्राला आधी ऐकवावं: टीव्हीवरची चर्चा, फोनवर एकामागून एक सरकणारे व्हिडिओ, ग्रुपवर आलेला मजकूर कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवतं तो आवाज. हा गोंगाट आहे, असं त्याला सांगावं. मग आपण समोर बसून, देशाविषयी, मुलांविषयी, जीवनाविषयी, आपली स्वतःची म्हणून जी काही मतं असतील ती मोकळेपणाने बोलावीत, आणि बटण दाबावं.

आम्ही हे करून पाहिलं. आमचा एक खोकला उरला. तो आमचाच आहे, याची खात्री करून घेतली आहे.

तुमचं काही उरलं तर अवश्य कळवा. प्रफुलने ब्लॉकमध्ये, सेक्टरात आणि सेक्टर दहापर्यंत हेच आवाहन केलं आहे. अजून कोणाचं आलेलं नाही.